आधी हाक

तिसऱ्यांदाही कॉम्प्युटरवर कचराच उमटला. तुटके चौकोन, प्रश्नचिन्हांच्या रांगा, एकही सूर नाही.

"येईल," ती म्हणाली. "न येऊन जातंय कुठे?"

टेबलावर बेकरीवाल्याचा, दुरुस्तीला आलेला, हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम होता. भट्टी तापेपर्यंत बसल्याबसल्या त्याने त्यावर स्वतःच्या गाण्यांच्या चाली रचल्या होत्या, कैक वर्षांच्या. केबल लावायची जागा जळून काळी पडली होती. गेमच्या पाठीत खोचायच्या कार्ट्रिजमधून आत काही नेता येत होतं, बाहेर काही आणता येत नव्हतं. म्हणून तिने कार्ट्रिजमध्ये एक छोटा प्रोग्राम घालून गेमच्या पडद्यालाच उघडझाप करायला लावलं होतं. उजेड म्हणजे एक, अंधार म्हणजे शून्य. पडद्यासमोर बागेतल्या दिव्यातून काढलेला, उजेड ओळखणारा बारीकसा डोळा चिकटपट्टीने बसवला होता. त्याच्या तारा कॉम्प्युटरच्या माइकच्या भोकात खोचल्या होत्या.

"दुकानात कर की हे," दादा म्हणाला. तो बाबांचे कपडे बॅगेत भरत होता. "त्यांच्या तोंडासमोर कशाला हा चकचकाट?"

"बाबांना दुकान बघायची सवय आहे. ते जाऊ शकत नाहीत, म्हणून दुकान इथे आणलं."

बाबांना उशांना टेकवून बसवलं होतं. दुरुस्तीचं ते दुकान त्यांचंच. मेंदूला झटका आला त्या दिवसापासून हात, पाय, जीभ, सगळं थांबलं होतं. फक्त डोळे हलत, पापण्या मिटत. त्या आपोआप मिटतात, असं डॉक्टर म्हणाले होते. आत काही पोचत नाही, बाहेर काही येत नाही. उद्या सकाळी शुश्रूषागृहाची गाडी येणार होती. नोकरी सांभाळून बाबांना उचलता-ठेवता दादाची कंबर गेली होती. त्याला बोल लावायला तिला तोंड नव्हतं. पण गाडी नको, हे तिने सोडलं नव्हतं.

"मग एक खूण दाखव," दादा दरवेळी म्हणे. "एकच. गाडी मी स्वतः परत पाठवतो."

"केबलची जागा जळली म्हणजे यंत्र मेलं नाही," तारा पुन्हा दाबत ती आता म्हणाली. हे वाक्य बाबांचं. गिऱ्हाईक रडकुंडीला आलं की ते एवढंच म्हणत आणि बाही वर करत.

तिने बटण दाबलं. पडदा लखलखू लागला. बाबांनी डोळे सावकाश मिटले, उघडले. पुन्हा मिटले. पुन्हा.

"बघ, झोंबलं त्यांना," दादा म्हणाला आणि कपाटावरची थेंबांची बाटली घेऊन आला. हे रोजचंच होतं. बाबा असे डोळे आवळू लागले की ते कोरडे पडले समजा, थेंब घाला, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. दोघं बहीणभाऊ नेमाने घालत. थेंब पडले की बाबा थांबत. म्हणजे गुण येत होता.

कॉम्प्युटरवर पुन्हा कचरा.

"माल सगळा येतोय," ती म्हणाली. "पण सुरुवात कुठून झाली तेच याला कळत नाही."

बाबांच्या गालांवरून औषध ओघळत होतं. त्यांनी डोळे मिटले. लांब. उघडले. मिटले, लांब. आणखी एकदा. मग थांबले आणि तिच्याकडे बघत राहिले.

तिचा हात हवेतच राहिला.

दुकानात तारा जोडायला डाग देणं तिचं काम, प्रोग्राम लिहिणं बाबांचं. त्यांचा प्रत्येक प्रोग्राम एकसारखाच सुरू व्हायचा. आधी तीन लांब खुणा, मग मजकूर. ती चेष्टा करायची. ते म्हणायचे, "आधी हाक मारावी, मग बोलावं. समोरचा कान देतोय का, ते न बघता बडबडणारा वेडा."

तिने प्रोग्रामच्या डोक्यावर तीन लांब खुणा बसवल्या. पडदा सावकाश तीनदा उजळला आणि मग भराभर लखलखत सुटला. कॉम्प्युटरवर ओळीखाली ओळ लागत गेली. थोड्या वेळाने बेकरीवाल्याची पहिली चाल वाजली. किरटी, पण अख्खी.

"आली की गं!" दादा म्हणाला.

ती कॉम्प्युटरकडे बघतच नव्हती. "दादा, मला बाबांनी सांगितलं. मी हाक विसरले होते."

"योगायोग असेल." पण बॅगेची चेन ओढता ओढता त्याचा हात थांबला होता.

तिने खुर्ची ओढली आणि बाबांच्या समोर बसली. स्वतःचे डोळे तीनदा मिटले, लांब लांब.

"हं बाबा, बोला. मी अक्षरं म्हणते. हवं ते आलं की डोळे मिटा. क. ख. ग..."

'थ'ला बाबांनी डोळे मिटले.

"थकलेत," दादा म्हणाला. "मी म्हटलं नव्हतं?"

"तू गप रे."

मग मात्रा आली. मग टिंब. मग ब.

"थेंब!" दादाला रडू फुटलं. बाटली घेऊन तो धावत आला. "थेंब हवेत त्यांना! घालतो बाबा, घालतो!"

बाबांनी बाटलीकडे पाहिलं. मग तिच्याकडे. ती पुन्हा पहिल्यापासून अक्षरं म्हणू लागली. न आला. क आला. काना आणि मात्रा आली.

तिला हसू आवरेना. डोळे पुसत ती हसत राहिली. दादा खाली बसला आणि बॅगेतले कपडे एकेक करून बाहेर काढू लागला. मध्येच थांबून त्याने हातातली बाटली उजेडात धरली.

"ही चौथी बाटली गं," तो म्हणाला.