उरलेलं कातडं

नातेवाइकाची सही:

ती रेघ रिकामीच होती. "म्या न्हाय करणार," मथुराबाई म्हणाली आणि तिनं पेन बाकड्यावर ठेवून दिलं.

दैवशालानं ते उचलून पुन्हा तिच्या हातात कोंबलं. डॉक्टरांच्या खोलीबाहेर दहा-बारा माणसं बसली होती. सगळी बघत होती. बघू देत. तालुक्याच्या वाशीपासून सोलापूरपर्यंत दोघी जावा एसटीत शेजारी बसून आल्या होत्या आणि थोरली एक शब्द बोलली नव्हती. बोलली ती एवढंच.

आधीचे वजन: एकशे एकवीस किलो.
आताचे वजन: पासष्ट किलो.

फॉर्मवर तेवढीच जागा होती. मधली दोन वर्षं कुठं लिहायची? तोलून खाल्लेली अर्धी भाकरी. रस्त्यानं चालताना मागून आलेले टोमणे. भावकीच्या जेवणात सगळ्यांदेखत परत केलेलं ताट. छप्पन्न किलो गेले, पण कातडं गेलं नाही. पोटावरून ते मांडीपर्यंत ओघळलं होतं. रोज अंघोळीनंतर घडी उचलून पुसायची, पावडर लावायची. तरी खालची जागा ओली, लाल, चिरलेली. उन्हाळ्यात वास यायचा. पतसंस्थेत कामावर ती आपली खुर्ची भिंतीला चिकटवून बसायची, कुणी फार जवळ येऊ नये म्हणून.

ऑपरेशनचे कारण:

तिथं तिनं 'त्रास' लिहिलं होतं. सासू म्हणाली होती, "एवढी बारीक झालीस, आता अजून कुणाला दाखवायचंय?" शेजारीण म्हणाली होती, "पदराखाली काय दिसतंय?" डॉक्टरांनीही सगळं स्पष्ट सांगितलं होतं. कमरेच्या या बाजूपासून त्या बाजूपर्यंत टाके येतील, जखम भरायला वेळ लागेल, जिवावर बेतणारं काही नाही, विचार करून ठरवा. दोनदा तिनं तारीख घेतली. दोनदा घरच्यांनी ती मोडली. नवरा रामकिसन उसाचा ट्रॅक्टर घेऊन ढोकीच्या कारखान्यावर गेलेला. हंगाम सोडून तो येणार नव्हता. फोनवर म्हणाला, "वैनीला संगं ने. तिनं सही केली तर कर."

कातडं माझं आणि सही तिची. दैवशालाच्या दातावर दात बसले.

आणि सही करणारी कोण, तर मथुराबाई. चार वर्षांपूर्वी तेरखेड्यात फटाक्यांची दारू भरताना भडका उडाला, त्यात तिचा उजवा हात, छाती आणि गळा भाजला. वाचली. पण जखम भरता भरता गळ्याचं कातडं आखडलं, हनुवटी छातीशी बांधल्यासारखी झाली. तेव्हापासून ती खाली बघतच चालायची, खाली बघतच बोलायची. घरात ऑपरेशनचा विषय निघाला, त्या दिवसापासून तिच्या तोंडी एकच वाक्य होतं. भाकरी थापताना तेच, भांडी घासताना तेच. सहा महिने.

"लोकाला पुरंना," आताही ती फरशीकडं बघत पुटपुटली, "आन् हिला उरलंय."

"तुमचं जळलं म्हणून मी माझं लोंबतं ठेवू का, अक्का?"

नाव पुकारणाऱ्या मुलीनं वर बघितलं आणि पुन्हा रजिस्टरात डोकं घातलं.

दैवशालाला वाटलं, आता ही उठणार आणि सरळ स्टँड गाठणार. जाऊ दे. गेली तर गेली. मथुराबाई उठलीही. पण बाहेरच्या दाराकडं न जाता तिनं डॉक्टरांचं दार ढकललं आणि ती आत शिरली. दैवशाला फॉर्म घेऊन मागं धावली.

"हिचं काढलेलं कातडं काय करता?" मथुराबाई उभ्यानंच विचारत होती. टेबलाच्या पायांना विचारावं तसं.

डॉक्टर गोंधळले. "काय करणार? पिशवीत भरून जाळायला जातं."

"जाळता?"

"नियमच आहे तसा."

"किती निघंल?"

"असेल दोन-तीन किलो."

"दोन-तीन किलो जाळता!" ती एवढ्या जोरात ओरडली की बाहेरचं कुणीतरी दारात येऊन उभं राहिलं.

"अक्का, चला," दैवशाला म्हणाली. तिचा राग अजून उतरला नव्हता, त्यात आता हा तमाशा. "चला म्हणते ना. नको मला ऑपरेशन. फाडून टाकते फॉर्म."

मथुराबाईनं ऐकलंच नाही. तिनं गळ्यावरचा पदर बाजूला ओढला. हनुवटीपासून छातीपर्यंत ताठ, चकचकीत वळ्या.

"हितं लावा."

डॉक्टरांनी पुढं वाकून तो गळा बघितला. मग हळू आवाजात म्हणाले, "दुसऱ्याची कातडी अंगाला धरत नाही, बाई. पंधरा दिवसांत गळून पडते. फार तर तीन आठवडे. काही उपयोग नाही त्याचा."

मथुराबाईनं दैवशालाच्या हातातला फॉर्म हिसकावला. टेबलावरचं पेन घेतलं. भाजलेल्या हातानं, एकेक अक्षर दाबत, तिनं आपलं नाव लिहिलं. एका जागी कागद फाटला.

"मग जाळू नका," ती म्हणाली. "पंधरा दिवस तर पंधरा दिवस. माझी पोरगी माझ्यापरीस उंच झालीया, डॉक्टर. उभी ऱ्हायली की तिचं तोंड दिसत न्हाय मला."