भिंत

रेडिओवर चळवळीचा नेता लेहबीब याचं सकाळचं भाषण पुन्हा घुमत होतं, "शेजारी देशांशी बोलणी झाली. पश्चिम सहाराचं स्वातंत्र्य आता हाकेच्या अंतरावर आहे!" वाळवंटातल्या निर्वासितांच्या वस्तीत बाया फेर धरून गात होत्या. लेहबीबची आई, सल्का, तेवढी घरात होती. परवाच्या पावसात मागची मातीची भिंत विरघळली होती, त्या भगदाडावर ती घोंगडी ताणत होती.

तेवढ्यात खुद्द लेहबीबच दारात उभा राहिला. तिनं चहा मांडला. एरवी पहिला पेला कसाबसा घशाखाली घालून पळणारा लेक आज तिसऱ्या पेल्यापर्यंत बसून राहिला.

"काय रे, आज गाडीवाला बोंबलत नाही तुझा?"

"बोंबलू दे." मग खाली बघत तो म्हणाला, "आई, दर पावसानंतर ही भिंत लिंपायची, किती दिवस चालायचं हे? यंदा पक्की करून टाकू. गाडीत सिमेंट आणलंय."

सल्काचा हात किटलीवरच थांबला. तिच्या नवऱ्यानं मरेपर्यंत इथं सिमेंटची एक वीट बसवू दिली नव्हती. शेजारीपाजारीही तसेच. पक्कं घर बांधायचं ते आपल्या गावी, समुद्राकाठी. इथं काय, आज आहोत, उद्या निघालो.

तिनं उठून भगदाडावरची घोंगडी बाजूला सारली. बाहेर गाणं रंगात आलं होतं.

"गोण्या त्या भगदाडातून आत घे," ती हळूच म्हणाली. "बायांना दिसू देऊ नकोस. आज गाऊ दे त्यांना."