तिसाव्या वर्षाचं धान

मुलीचा बाप धनीराम बांधावर उभा राहिला, पण पिकून वाकलेल्या धानाकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. मोबाईलवर नजर ठेवून तो म्हणाला, "हवामानाचं मॉडेल सांगते बाई, तीस वर्षांनी उन्हानं फुलोरा जळून तुमच्या शेतात पोचट लोंब्या निघतील. पोरगी कायच्या भरवशावर देऊ?"

जसवंताबाईच्या मुलाची ही तिसरी सोयरीक मोडत होती. तिला मॉडेलपेक्षा या माणसाचीच किळस आली. "तीस वर्षांनी तुमी कुठं असाल भाऊ, तेबी विचारा त्याले."

तेवढ्यात बापासोबत घर बघायला आलेल्या मुलीनं लोंबी तोडून दाणा चावला. जुनी रीतच होती. घर नापसंत असेल तर थुंकायचं, पसंत असेल तर गिळायचं. बापाकडे बघत तिनं दाणा गिळला.

"आता थुंकावंसं वाटलंच भाऊ," जसवंताबाई म्हणाली, "तर मोबाईलवर थुंका."