घेणाऱ्याचा नियम

"करा सही," करुणा मॅडम म्हणाल्या आणि कागद हर्षदाच्या पुढं सरकवला.

कागदावर लिहिलं होतं, मी माझा पासवर्ड दुसऱ्याला दिला, चूक माझी आहे. सही झाली की हर्षदाचं नाव सणसवाडीपासून रांजणगावापर्यंत सगळ्या कंपन्यांच्या गेटवर जाणार, आणि कुणी दारात उभं करणार नाही. बड्या कंपन्यांनी एकत्र बसून माहितीच्या सुरक्षेची एकच नियमावली केलीय ना! एकीनं काढलं की दुसरीनं घ्यायचं नाही. त्यांना माल देणाऱ्या हर्षदाच्या कारखान्यासारख्या बारक्या कारखान्यांनाही तीच लागू. मॅडम पुण्याहून तपासणीला आल्या होत्या त्या त्यासाठीच.

झालं होतं एवढंच. एका बड्या कंपनीच्या पार्टचं ड्रॉइंग हर्षदाच्या आयडीवरून दौंडच्या एका शेडवाल्याला, म्हणजे बाहेरच्याच बारक्या वर्कशॉपवाल्याला, मेल झालं. आणि हर्षदा त्या दिवशी वडगाव रासाईला, चुलत बहिणीच्या हळदीत.

"रजेवर व्हते मी, मॅडम. रविराज साहेबांचा फोन आला, पासवर्ड सांग म्हणून. हळदीच्या हातानं फोन धरला आन् सांगितला. अनिसभाई शेजारीच बसले व्हते त्यांच्या, फोनात आवाज येत व्हता. इचारा त्यांना."

रविराज साहेब म्हणजे इथले मॅनेजर. ते समोरच चहा पीत बसले होते. "मी? मला काय गरज पडली?" असं म्हणून त्यांनी कप बशीत ठेवला, अगदी शांतपणे. हिशेब बघणारा अनिस दाराशी उभा होता. पोराबाळांचा माणूस. तो आपल्या चपलांकडं बघत राहिला.

आता खरं सांगायचं तर या ऑफिसात पासवर्ड हे गुपित होतंच कधी? नवा टाकला की आधी साहेबांच्या कानावर घालायचा, हा इथला रिवाज. नाही सांगितला तर "माझ्यावर भरवसा न्हाई व्हय?" म्हणून साहेब फुगून बसणार. मोठ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? आजवर कुणी म्हटलंच नव्हतं.

"तुम्ही रजेवर होतात, म्हणजे पासवर्ड तुम्हीच दिलात. तुम्ही स्वतःच कबूल करताय," मॅडम म्हणाल्या.

"दिला की. पर ज्यानं घेतला त्याचं काय?"

मॅडमनी नियमावलीची पानं उलटली, पुन्हा उलटली. "नियम देणाऱ्याला आहे. घेणाऱ्याचा मुद्दा यात नाही."

वा रे नियम! एवढ्या कंपन्या, एवढे शिकलेले साहेब, एसीत बसून रिमच्या रिम कागद काळे केले, आणि मागणारा हात कुणालाच दिसला नाही. दिसणार कसा? हात त्यांचेच की.

"कर सही, हर्षदा. उगं ताणू नको," साहेब मऊ आवाजात म्हणाले. "पुढचं बघू. मी हाय ना."

"पुढं काय बघणार, साहेब? गेटातून आत घेतलं तर ना! घरात कमावती मी एकली हाय. तुमाला काय ठावं न्हाई?"

साहेब काही बोलणार तेवढ्यात वॉचमन हरिबा धापा टाकत आत आला. "साहेब, रांजणगावची गाडी कवाची भरून उभी हाय. चलन निघंना. तिकडली लाईन बंद पडाय आलीया, फोनवर फोन येत्यात."

चलन, म्हणजे मालाबरोबर जाणारा कागद, निघायचं ते हर्षदाच्याच आयडीवरून. ती सवयीनं उठली.

"बस खाली!" साहेब ओरडले. "चौकशी चालूय तुझी. मशिनला हात लावायचा न्हाई."

ते स्वतःच कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरपाशी गेले. हर्षदाचा आयडी टाकला. पासवर्ड टाकला, कुणाला न विचारता, बोटं न अडखळता. मशिन घेईना. घेईल कसं? सकाळीच मॅडमनी सगळ्यांना पासवर्ड बदलायला लावले होते. साहेबांनी पुन्हा तोच ठोकला, मग वळून विचारलं, "नवा काय टाकलायस गं? सांग पटदिशी."

अनिसनं मान वर केली. हर्षदानं मॅडमकडं बघितलं. डोळ्यांदेखत झालं, आता तरी बोलतील बाई!

मॅडमनी घड्याळ बघितलं. रांजणगावची ती कंपनीही नियमावली करणाऱ्यांतलीच होती. "सांगून टाका ना," त्या म्हणाल्या, "गाडी खोळंबलीय."

हर्षदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं सहीचा कागद उचलला, पालथा केला आणि कोरी बाजू मॅडमच्या पुढं ठेवली.

"लिवा, मॅडम. रविराज साहेबांनी माझ्यासमोर पासवर्ड मागितला. आन् मीबी सांगून टाक म्हणाले. खाली तुमची सही करा. मंग सांगते."

मॅडमनी कागदाकडं बघितलं, साहेबांकडं बघितलं आणि पेनाला टोपण घातलं.

बाहेर ड्रायव्हरनं हॉर्नवर हात ठेवला, तो काही केल्या काढीना. हर्षदा खुर्चीत नीट मागं सरून बसली.

"मंग ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "देणाऱ्याला नियम हाय."