न धुतलेलं कापड

दवाखान्यातून फोन आला तेव्हा सायकलवाला कुत्रीला गोळी भरवत होता. पलीकडून मेहुणी रडत होती. "भाऊजी, ताई गेली हो." त्याने फोन ठेवला. तेवढ्यात कुत्रीने गोळी थुंकली. त्याने ती उचलली, पुसली आणि पुन्हा तिच्या तोंडात घातली. दुसरं काय करावं ते त्याला सुचलं नाही.

कुत्री बायकोने आणलेली. टाकून दिलेल्या कुत्र्यांना घरं शोधून देणाऱ्या एका गटाचं ती काम करायची. कुत्रं घरी आणायचं, बरं करायचं, चांगली माणसं मिळाली की पाठवून द्यायचं. "आपलं घर म्हणजे स्टँड," ती म्हणायची. "एक गाडी सुटली तरच दुसरी लागणार." ही कुत्री संध्याकाळी आली आणि गिरक्या घेत घेत खाली बसली, म्हणून बायकोने तिचं नाव फिरकी ठेवलं. दुसऱ्याच पहाटे बायकोच्या छातीत कळ आली. मागच्या दाराने तिला रिक्षात बसवलं. ती परत आली नाही.

सायकलवाला दुकानात जायला लागला. फिरकी बरोबर यायची, दिवसभर त्याच्या पायाशी पडून राहायची. संध्याकाळी घरी आला की तो कामाचा शर्ट मागच्या दाराजवळच्या खिळ्याला टांगायचा. वंगणाचा वास घरात नको, ही बायकोची सक्त ताकीद होती. ती आता ओरडणार नव्हती, तरी त्याने ताकीद मोडली नाही.

रात्री फिरकी तिच्यासाठी ठेवलेल्या टोपलीत झोपत नसे. मागच्या दाराशी, थंड फरशीवर अंग टाकायची. "हिची वाट बघते," तो शेजारच्या न्हाव्याला सांगायचा. घरात वाट बघणारे आपण एकटेच नाही, याचा त्याला आधार वाटायचा.

एके दिवशी सेनापती दुकानात आली. ती गटातली मुलगी. विनंतीसुद्धा हुकमासारखी करायची, म्हणून बायकोने तिला हे नाव दिलेलं.

"काका, फिरकीला घर मिळालं. लायब्ररीतल्या बाई आहेत, एकट्याच असतात. रविवारी न्यायला येते. कापड काढून ठेवा. आणि धुऊ नका हं!"

गटाची ती रीत होती. कुत्रं निघालं की जुन्या घरातलं एक न धुतलेलं कापड त्याच्यासोबत जायचं. ओळखीचा वास असला की ते नव्या घरी लवकर रुळतं.

बायकोचे सगळे कपडे मेहुणीने धुऊन, घड्या घालून कपाटात लावले होते. तिने ते मायेनेच केलं होतं. जांभळा स्वेटर तेवढा वाचला, कारण तो सायकलवाल्याच्या उशीखाली होता. त्याला अजून तिचा वास होता. शनिवारी रात्री तो स्वेटर मांडीवर घेऊन बराच वेळ बसला. फिरकी जिची वाट बघते तिचाच वास तिला द्यायला हवा. रविवारी त्याने स्वेटर दिला.

थोड्याच दिवसांत सेनापतीचा फोन आला. आवाजात हुकूम नव्हता. "काका, ती खातच नाहीये. बाई घाबरल्यात. परत पाठवते म्हणतात."

तो पंक्चर अर्धवट टाकून निघाला.

बाईंनी दार उघडलं आणि फिरकी त्याच्यावर झेपावली. तो जिन्यातच बसला. तिने त्याच्या शर्टात नाक खुपसलं ते काढेना. आत वाटी भरलेली होती. शेजारी स्वेटर पसरलेला होता.

"रोज अंथरते तिच्यासाठी, पण त्यावर बसतच नाही," बाई म्हणाल्या. "कोणाचा आहे हो?"

"आमच्या हिचा. फार वाट बघायची हो फिरकी तिची. रोज मागच्या दाराशी झोपायची."

"तिला त्यांचा खूप लळा असेल मग. किती दिवस होती त्यांच्याजवळ?"

सायकलवाला थबकला. "एक रात्र."

बाईंनी चष्मा काढून हातात घेतला. "मग त्या दाराशी दुसरं काय होतं?"

"काही नाही. एक खिळा. त्याला माझा शर्ट..."

फिरकीचं नाक अजून शर्टातच होतं.

त्याने बटणं काढायला सुरुवात केली. "अहो, हे काय!" म्हणत बाईंनी तोंड फिरवलं. त्याने शर्ट स्वेटरच्या जागी टाकला. फिरकीने त्यावर गिरक्या घेतल्या, बसली, मान लांब करून वाटी जवळ ओढली आणि खायला लागली.

नुसत्या बनियनवर रस्त्याने जाणं बरं दिसेना. बाईंनी स्वेटर पुढे केला. बाह्या त्याच्या कोपरापर्यंतच आल्या. वाटेत सायकलची चेन उतरली, ती त्याने बसवली, तेही स्वेटर घालूनच.

"काय राव, नवी फॅशन?" न्हावी दुकानातून ओरडला.

"हिची आहे," सायकलवाला म्हणाला. आणि दोघेही हसले.

फिरकी आता बाईंकडे खाऊनपिऊन मजेत आहे. "एक म्हातारा कुत्रा आहे, एका डोळ्याने आंधळा. आणू?" असं सेनापतीने विचारलं, तेव्हा सायकलवाला म्हणाला, "विचारतेस काय? आण." टोपली उन्हात टाकून झाली आहे. वाटी घासून झाली आहे. जांभळा स्वेटर मागच्या दाराजवळ खिळ्याला टांगलेला आहे. त्याच्या दोन्ही बाह्यांना वंगण लागलंय. तो अजून धुवायचा राहिला आहे.