गुळाचा खडा

वस्तीशेजारच्या कचरा डेपोचा धूर बघायला महापालिकेचे साहेब पहिल्यांदाच आले होते. वस्तीची बैठक भरली, सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. लोकांना संघटित कसं करायचं, याचं शिबिर शिवाजी पेठेत केलेली मीच. भाषण तोंडपाठ होतं. उठणार, तोच शिबिरात शिकवणाऱ्या तानूबाईंनी माझ्या तोंडात गुळाचा खडा घातला. "ह्यो इरघळंस्तवर गप ऱ्हायचं. लोकास्नी बोलू दे." "तक्रार काय आहे?" साहेबांनी विचारलं. कुणीच बोलेना. साहेब घड्याळ बघून उठले. खडा चावून टाकावासा वाटला, पण आवरलं. मागून आवाज आला, "बसा की, पावणं! माझी पोरगी रातभर खोकतीया, ते लिवा." चारचौघांत कधीच न बोलणारी माझी आई! साहेब बसले. मग बायका बोलतच राहिल्या. गूळ विरघळला, तरी मी गप्पच. मनोमन तानूबाईंना हात जोडले. माझ्या भाषणात सगळे आकडे होते. माझा खोकला नव्हता.