पहिल्या पंगतीचा मान

"मी पानात बघत व्हते," कुसाबाई म्हणाली.

नाशिकच्या कोर्टाला हे वाक्य एव्हाना पाठ झालं होतं. इगतपुरीकडच्या त्या गावात देवळाच्या भंडाऱ्यात आपल्याला पहिल्या पंगतीत बसवलं नाही, म्हणून राकेशनं घरून बंदूक आणली आणि काडतुसं संपेपर्यंत जेवणाऱ्यांवर चालवली. सहा माणसं गेली. त्यात कुसाबाईचा योगेश. तो तिच्या मांडीला मांडी लावून बसला होता.

"पोटच्या पोराला गोळी लागली, तरी वर बघितलं नाहीत?" सरकारी वकिलांनी विचारलं.

"आमटी पानाबाहेर चालली व्हती, साहेब. भाताचं आळं करत व्हते."

सरकारी वकिलांनी चष्मा काढून पुसला. बंदूक धरणात गेली होती, ती सापडलीच नाही. भरवसा होता तो साक्षीदारांवर, आणि ते एकजात फितूर. जेवणात इतकी रमलेली पंगत त्यांनी उभ्या हयातीत पाहिली नव्हती.

आरोपीच्या पिंजऱ्यात राकेशनं हसू दाबलं. फाशीच्या धास्तीनं त्याची झोप उडाली होती, पण धाकट्या भावानं, शेखरनं, सगळं जमवून आणलं. सातपूरची नोकरी सोडून तो गावी आला, राकेशच्या वाट्याचीही जमीन कसू लागला आणि गावाला राजी करून बसला.

"काय मागितलं रे त्यांनी?" राकेशनं जेलमध्ये विचारलं होतं.

"काय नाय, दादा. सुटल्यावर त्याला आधी गावात जेवायला आण, म्हणले."

"टरकले लेकाचे."

"तर काय," शेखर म्हणाला होता.

न्यायाधीशांनी नाइलाजानं संशयाचा फायदा दिला. राकेश सुटला. जेलच्या दाराशी शेखर जीप घेऊन उभाच होता. तिथून थेट देवळात.

पंगत मांडून तयार होती. सून आणि नात गमावलेल्या नाथानं राकेशला हाताला धरून पहिल्या रांगेत, पहिल्या पानावर बसवलं. शेजारी शेखर. कुसाबाईनं स्वतः आमटी वाढली.

"पोटभर जेव. मागल्या खेपेला तुझा मान राहून गेला."

राकेश खुलला. "काकू, कोर्टात लय झकास बोलल्या तुम्ही."

"सवय लागाया पायजे, बाबा. परत बोलायचंय."

तो हसला. तेवढ्यात देवळाचं फाटक लागल्याचा आवाज आला. त्यानं वळून पाहिलं. नाथा कोयता घेऊन त्याच्या पाठीशी उभा होता.

समोरच्या रांगेतल्या माना एकेक करून खाली गेल्या. बायका भाताची आळी करू लागल्या.

"शेखर," राकेशनं त्याचा दंड धरला. "शेखर, बघ ना रे."

शेखर केव्हाचा पानात बघत होता.